भाजल्यानंतरचे प्रश्न: पहिल्या वीस मिनिटांपासून पुढच्या दोन वर्षांपर्यंत

मी फिजिओथेरपिस्ट. भाजलेल्या पेशंटांचे हात, माना, गुडघे परत चालते करायचं हे माझं रोजचं काम, त्यामुळे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या घरांतून तेच तेच प्रश्न येत राहतात. ऑपरेशन करायचं की नाही, कुठलं औषध किती, हे तुमच्या सर्जनला विचारा, ते माझं काम नाही. पण एक आधीच सांगते, घरातल्यांचा सगळा जोर "मलम कुठलं लावायचं" यावर असतो, आणि माझ्या मते मलम हा या सगळ्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे.

भाजलं की एकदम पहिलं काय करायचं?

नळाखाली धरायचं. साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून, कारण पाच मिनिटं झाली की सगळ्यांनाच वाटतं की बास झालं. आच बंद झाली तरी कातडीच्या आत उष्णता राहते आणि ती खाली खाली जाळत जाते, पाण्याने ती थांबते आणि जखम जितकी खोल झाली असती तितकी होत नाही. भाजून तीन तासांच्या आत असाल तरी याचा उपयोग होतो, म्हणजे वाटेत कुणी केलं नसेल तर हॉस्पिटलच्या बेसिनमध्येसुद्धा करा. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीला रक्त मिळत नाही.

अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच काढा, अर्ध्या तासात सूज आली की कापावे लागतात. चिकटलेला कपडा ओढू नका, बाजूचा कापा. लहान मूल असेल किंवा अंग बरंच भाजलं असेल तर फक्त भाजलेला भाग पाण्याखाली, बाकी अंग टॉवेल-चादरीत गुंडाळून गरम ठेवायचं, कारण मुलं पटकन गार पडतात. नंतर स्वच्छ सुती कापड किंवा किचनमधला पातळ प्लॅस्टिकचा रॅप वरून सैल ठेवायचा, गच्च गुंडाळायचा नाही, आणि १०८ ला फोन.

हळद, टूथपेस्ट, खोबरेल, शाई, मध... आणि ते पांढरं मलम?

पहिले चार नको. एक तर ते निर्जंतुक नसतात, दुसरं म्हणजे हळद किंवा जांभळं औषध लावलं की खालचा रंगच दिसत नाही, आणि डॉक्टर जखम किती खोल आहे हे बऱ्याच अंशी रंगावरून आणि दाबून बघून ठरवतात. मग ते सगळं घासून काढावं लागतं आणि तेव्हा पेशंट जो ओरडतो तो ऐकवत नाही.

मधाचं जरा वेगळं आहे. २०१५ च्या, बऱ्याच अभ्यासांच्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की मध्यम खोलीच्या भाजण्यात मधाच्या ड्रेसिंगने जखम नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरते. पण तो निर्जंतुक केलेला औषधी मध, तोही धुतलेल्या जखमेवर डॉक्टरने बांधलेला. बाजारातून आणलेल्या बाटलीतला मध म्हणजे ते नव्हे.

पांढरं मलम म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन, १९६८ मध्ये आलं आणि तेव्हा खरंच क्रांती होती, जखमेतल्या जंतूंवर चालणारं काहीतरी हाताशी आलं. आता मात्र बरेच आढावे सांगतात की वरवरच्या भाजण्यात ते जखम भरायला उशीरच लावतं, शिवाय रोज बदलावं लागतं. खोल, घाण झालेल्या जखमेत अजून वापरतात. प्रत्येक घरातल्या ड्रॉवरमध्ये त्याची ट्यूब असते आणि प्रत्येक चटक्यावर लागते, त्याची गरज नसते.

स्कूटरच्या सायलेन्सरला पोटरी लागली, रुपयाएवढाच डाग आहे, त्यासाठी कशाला डॉक्टर?

गोव्यात हा प्रकार इतका आहे की पर्यटकांच्या पोटऱ्या बघून सांगता येतं कोण भाड्याची बाईक घेऊन फिरलंय. दिसायला छोटा असतो पण तापलेला धातू टेकल्यामुळे बऱ्याचदा खोल असतो. खोल भाजलेलं कमी दुखतं, कारण नसांची टोकंच जळालेली असतात, म्हणून लोक म्हणतात काही नाही, दुखत पण नाही. पांढरट किंवा मेणासारखा दिसत असेल, दाबल्यावर रंग बदलत नसेल तर दाखवा. आणि आकार कितीही असो, दोन आठवड्यांत भरायची लक्षणं नसतील तर दाखवायलाच पाहिजे. का, ते पुढे डागाच्या प्रश्नात सांगते.

डायबेटिस असलेल्यांनी पायाच्या चटक्याला जास्तच जपा, त्यांना चटका बसलेला कळतसुद्धा नाही.

डॉक्टर "तीस टक्के" म्हणाले. हे टक्के कसे काढतात?

मोठ्या माणसाच्या शरीराचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग करतात. डोकं आणि मान मिळून नऊ, एक हात नऊ, एक पाय अठरा, पुढून धड अठरा, मागून अठरा, उरलेला एक. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं म्हणून त्यांना हा हिशेब चालत नाही, त्यांच्यासाठी १९४४ मध्ये लंड आणि ब्राउडर या दोघांनी केलेला वयानुसारचा तक्ता वापरतात. घरी अंदाज घ्यायचा तर पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे साधारण एक टक्का. नुसती लाली धरायची नाही.

मोठ्यांत पंधरा-वीस टक्क्यांच्या वर, मुलांत दहाच्या वर गेलं की रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपून बाहेर जायला लागतं आणि पेशंट शॉकमध्ये जातो, म्हणजे रक्तदाब कोसळतो, म्हणून सलाईन. त्याचं जगभर वापरलं जाणारं गणित अमेरिकेत डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलमध्ये चार्ल्स बॅक्स्टरने १९६८ मध्ये मांडलं: चार मिली गुणिले वजन गुणिले टक्के. साठ किलोचा माणूस तीस टक्के भाजला तर २४ तासांत ७२०० मिली, त्यातलं अर्धं पहिल्या आठ तासांत. पुढे लघवी किती होते ते बघून कमी-जास्त करतात. यातली तुमच्या कामाची गोष्ट अशी की ते आठ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे असतात, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही. म्हणून कधी भाजलं ती वेळ कुणीतरी लक्षात ठेवा, शक्य झालं तर फोनमध्ये लिहून ठेवा, कॅज्युअल्टीत सगळ्यात आधी तीच सांगा.

अंगावर फारसं भाजलेलं नाही, तरी आयसीयूत का ठेवलंय?

धूर. बंद जागेत आग लागली असेल तर कातडी बघून काही ठरवू नका. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये २५ जण गेले ते आपण सगळ्यांनी बघितलं, आणि त्यातले बरेचसे गुदमरून गेले. गरम धुराने घसा आतून सुजतो आणि ही सूज काही तासांनी वाढते, म्हणजे संध्याकाळी बोलणारा माणूस रात्री श्वास घेऊ शकत नाही, म्हणून डॉक्टर आधीच नळी टाकतात. आवाज घोगरा होणं, नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, या खुणा दिसल्या तर थांबूच नका. शिवाय धुरातले विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, आणि फोम-प्लॅस्टिक जळाल्यावर सायनाइडसुद्धा.

भाजण्याच्या उपचारांतलं बरंचसं ज्ञान अशाच एका क्लबच्या आगीतून आलंय. बोस्टनमधला कोकोनट ग्रोव्ह, २८ नोव्हेंबर १९४२, ४९२ माणसं गेली. जे हॉस्पिटलात पोचले त्यांच्यावर सलाईन किती द्यायचं, जखमेला साधं व्हॅसलिनचं गॉज पुरतं का, धुराने फुप्फुसाला काय होतं, हे सगळं डॉक्टरांनी नीट लिहून ठेवलं आणि पुढची कित्येक वर्षं त्यावर काम चाललं. एवढं करून ऐंशीपेक्षा जास्त वर्षांनी माणसं परत तशाच दाराशी अडकून मरतात, त्याला संशोधन काय करणार.

चौथ्याच दिवशी ऑपरेशन म्हणतात. जखम आपोआप भरायला वेळ नको द्यायला?

पूर्वी द्यायचे. जळलेली कातडी आपोआप सुटून पडायची वाट बघत आठवडेच्या आठवडे, तोवर त्याच्याखाली जंतू वाढायचे आणि पेशंट इन्फेक्शनने जायचे. मग झोरा यानझेकोविच नावाच्या सर्जनने, हे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातलं मारिबोर गाव, मेलेला थर पहिल्या काही दिवसांतच पातळ पातळ तासत जायचा, जिवंत कातडीतून रक्ताचे थेंब दिसेपर्यंत, आणि लगेच त्यावर ग्राफ्ट, म्हणजे पेशंटचीच दुसरीकडची कातडी, लावायचा, असं सुरू केलं. १९७० मध्ये तिने ते छापलं आणि हळूहळू जगाने उचललं. आज खोल जखमेला लवकर ऑपरेशन सुचवतात ते तिच्यामुळे. जी जखम तीन आठवड्यांत आपण होऊन भरणार नाही असं दिसतं तिला थांबण्यात काही फायदा नसतो.

ग्राफ्टसाठी मांडीची पातळ कातडी घेतात. घरच्यांना वाटतं ग्राफ्ट दुखणार, प्रत्यक्षात पेशंट मांडीच्या नावाने रडतात. ती दोन आठवड्यांत भरते.

आता न कापता मेलेला थर काढायचा एक उपायसुद्धा आलाय, नेक्सोब्रिड, अननसाच्या देठातल्या एन्झाइमपासून केलेला. युरोपात २०१२ पासून आणि अमेरिकेत २०२२ च्या शेवटी मंजूर. चार तास ठेवतात, मेलेलं विरघळतं, जिवंत बहुतेक राहतं. हे वाचून कुणी अननस कापून जखमेवर ठेवू नका, प्लीज.

केळीचं पान आणि बटाट्याची साल ड्रेसिंगला वापरतात हे खरं की व्हॉट्सअ‍ॅपवरचं?

खरं, आणि आपल्या शेजारचं, मुंबईचं संशोधन. वाडिया हॉस्पिटलात डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून पट्ट्या केल्या, १९८५ मध्ये बर्न्सच्या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये तो पेपर आला. जखम ओली राहते, पट्टी चिकटत नाही, काढताना पेशंट किंचाळत नाही. पुढे सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी करून २००३ मध्ये दोन्हींची तुलना छापली, गुण साधारण सारखा, पण पान कितीतरी स्वस्त आणि करायला सोपं. मला हे काम फार आवडतं. परदेशातल्या हजारो रुपयांच्या ड्रेसिंगला जे जमतं ते मागल्या दारच्या केळीने केलं.

फक्त ते पान धुऊन, पट्टीवर चिकटवून, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेलं असतं. मागल्या दारातून थेट जखमेवर असा त्याचा अर्थ नाही.

काजूच्या बियांचं तेल हाताला लागून फोड आले. हे भाजणंच का?

हो, रसायनाने भाजणं, थोडं अ‍ॅलर्जीसारखं पण. काजूच्या कवचात जे काळपट तेल असतं त्यातली द्रव्यं कातडी जाळतात, बिब्बा उततो ना तेच कुळ. बिया भाजताना उडालेला थेंब तर दुहेरी, गरम पण आणि विषारी पण. साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचं, डोळ्यात गेलं तर डोळा धूत धूतच हॉस्पिटल. काम करताना हातमोजे घाला.

घरचे म्हणतात नुस्तें (मासे) बंद, अंडी बंद, नाहीतर पू होतो.

या एका समजुतीने जेवढं नुकसान होतं तेवढं कशाने होत नाही. पू जंतूंनी होतो, बांगडा खाल्ल्याने नाही.

जास्त भाजलं की शरीराचं यंत्र भडकून चालतं, हृदय पळतं, अंग तापलेलं असतं, आणि शरीर स्वतःचेच स्नायू खाऊन जखमेला पुरवतं. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या हॉस्पिटलात डेव्हिड हर्नडन आणि त्यांच्या टीमने मुलांवर वर्षानुवर्षं हे मोजलं, मोठ्या भाजण्यात ही अवस्था जखम भरल्यावरही वर्ष-दोन वर्षं चालू राहते. त्यांनीच २००१ मध्ये दाखवलं की प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं जुनं स्वस्त औषध दिलं तर मुलांचे स्नायू झडायचे थांबतात. अशा वेळी पेशंटला पेज आणि लोणच्यावर ठेवलं तर ग्राफ्ट कशाने धरणार?

मोठ्या माणसाला किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात, साठ किलोला ९० ते १२०. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम माशात वीसच्या आसपास, म्हणजे हुमण (माशाची आमटी) आणि दोन अंडी रोज झाली तरी अजून बरंच उरतं. शाकाहारी घरात मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी), डाळ, दही, पनीर, शेंगदाणे दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. किडनीचा त्रास असेल तर मात्र आहारतज्ज्ञाला विचारून. देवाचं काही असेल तर देवाला समजतं, तो महिनाभर थांबेल.

जखम तर मस्त भरली होती, मग दोन महिन्यांनी डाग लाल, जाड आणि कडक का झाला?

हाच खरा प्रश्न आहे आणि डिस्चार्जच्या दिवशी कुणी सांगत नाही. वरून बंद झालेल्या जखमेच्या आत काम चालूच असतं. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन विणत असतात, खोल जखमेत किंवा खूप दिवस उघड्या राहिलेल्या जखमेत त्यांना थांबायचा निरोपच मिळत नाही, त्या विणतच राहतात, वर त्यातल्या काही पेशी स्नायूसारख्या आकसतात. म्हणून डाग उठतो आणि ओढतो. साधारण महिना-दोन महिन्यांत सुरू होतं, सहा महिन्यांच्या आसपास सगळ्यात वाईट दिसतं, आणि मग हळूहळू वर्ष ते दोन वर्षांत मऊ, फिकट, सपाट होत जातं. म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यात आरशात बघून जी हाय खाता ते शेवटचं रूप नसतं.

आता ती तीन आठवड्यांची गोष्ट. अभ्यासांत सारखं दिसतं की दोन आठवड्यांत भरलेल्या जखमेला उठलेला डाग क्वचित येतो, तीन आठवड्यांच्या पुढे गेली की शक्यता खूप वाढते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत आणि लहान वयात आणखी. म्हणून जखम लवकर बंद करणं, मग ते ड्रेसिंगने असो की ग्राफ्टने, हाच डागावरचा पहिला उपाय, बाजारातली नंतरची सगळी क्रीमं त्याच्या मागे.

हा उठलेला डाग जखमेच्या हद्दीतच राहतो. हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर चढला तर तो कीलॉइड, तो आपण होऊन बसत नाही आणि नुसता कापला तर बहुतेक वेळा परत येतो, त्याचे उपचार वेगळे.

प्रेशर गारमेंट २३ तास? मे महिन्यात? गोव्यात?

कळतं मला. एप्रिल-मेच्या दमटपणात डाग दाबून ठेवणारा तो घट्ट कपडा घालून बसणं ही शिक्षा आहे, त्यात ग्राफ्ट लावलेल्या कातडीला घामाच्या ग्रंथी नसतात म्हणून उरलेलं अंग दुप्पट घामतं. पण फायदा किती ते खरं खरं सांगते म्हणजे तुम्हीच ठरवा. सिएटलला बारा वर्षं चाललेला एक अभ्यास २०१० मध्ये आला. त्यात एकाच पेशंटच्या हातावरच्या जखमेच्या अर्ध्या भागाला घट्ट आणि अर्ध्याला सैल कपडा दिला. घट्ट भागातला डाग जास्त मऊ आणि पातळ झाला, पण डोळ्यांना फरक दिसला तो मध्यम आणि जाड डागांमध्येच. म्हणजे ज्याची जखम दहा दिवसांत भरली त्याला कपड्यात कोंबायची गरज नाही, ज्याला तीन आठवड्यांच्या वर लागले किंवा ग्राफ्ट झालाय त्याने मात्र घालावा.

दोन जोड शिवून घ्या, एक अंगात एक दोरीवर. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवा, ड्रायर आणि कडक ऊन नको, इलॅस्टिक मरतं. तीन महिन्यांनी सैल होतोच, बदला. सिलिकॉनची शीट डागावर रोज बारा तास तरी, घामाने खाली पुरळ आलं तर काढा, धुवा, कातडी कोरडी करा, थोडी विश्रांती द्या आणि परत लावा. सिलिकॉनचे पुरावे तितके भक्कम नाहीत, पण अपाय कमी आहे म्हणून सगळे वापरतात, मी पण सांगते. दिवसातून तीन-चार वेळा साध्या क्रीमने मालिश करा, महागडं क्रीम लागत नाही.

मानेखालची उशी का काढायला लावली? आईला झोपच येत नाही.

उशी काढली म्हणून तुम्ही माझ्यावर चिडलात तरी चालेल. भाजलेल्या माणसाला ज्या पोझिशनमध्ये बरं वाटतं तीच आखडायची पोझिशन असते, हे वाक्य जगातल्या प्रत्येक बर्न्स वॉर्डात ऐकाल. मान पुढून भाजली तर हनुवटी छातीकडे झुकवून बरं वाटतं, सहा महिन्यांनी हनुवटी छातीला चिकटलेली असते, मग तोंड मिटत नाही, लाळ गळते, भूल द्यायला नळी टाकायचीही पंचाईत. म्हणून उशी नाही, उलट खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी, मान मागे. काख भाजली तर हात अंगापासून लांब, नव्वद अंशांत. कोपर सरळ. गुडघा सरळ, खाली उशी अजिबात नको. हाताच्या पंजाला स्प्लिंट (आधाराची पट्टी), आणि बोटांची ड्रेसिंग वेगवेगळी, सगळी एकत्र बांधली तर ती एकत्रच भरतात.

व्यायाम पहिल्या दिवसापासून. ताज्या ग्राफ्टचे पाच-सात दिवस सर्जन सांगेल तेवढी विश्रांती, मग परत सुरू. दुखेल. त्यासाठी गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, नंतर नाही. दुखण्यावरून लक्ष हटवणं हासुद्धा खरा उपचार आहे, वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकापासून पेशंटांना व्हीआर चष्मा (डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारा) लावून बर्फातला खेळ खेळायला दिला आणि ड्रेसिंगच्या वेळच्या वेदना बऱ्याच कमी झाल्या. आपल्याकडे चष्मा नसला तर भजन लावा, मॅच लावा, मुलाच्या हातात मोबाईल द्या, या एका कामासाठी माझी परवानगी आहे.

मुलांचं जास्त लक्ष ठेवा. हाड वाढतं, डाग वाढत नाही. चौथ्या वर्षी भाजलेला हात दहाव्या वर्षी परत आखडू शकतो, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा तरी दाखवायचं.

खाजेने रात्र रात्र झोप नाही.

सगळे हसण्यावारी नेतात, पेशंट मात्र खाजवून ग्राफ्ट फोडतो. क्रीम, गार पाण्याचे कपडे, सुती कपडे, नखं कापलेली. अ‍ॅलर्जीच्या गोळीने पुरेसं होतंच असं नाही, कारण ही खाज बरीचशी नसांमधून येते. दिल्लीच्या सर्जनांनी २०११ मध्ये सेटिरिझिन आणि नसांवरचं गॅबापेंटिन यांची तुलना केली, गॅबापेंटिन खूपच सरस ठरलं. मेडिकलमधून स्वतः घेऊ नका, त्याने गुंगी येते, डोस डॉक्टर ठरवतात. पण "खाज असतेच" म्हणून कुणी पाठवून दिलं तर परत जाऊन विचारा.

लेझर, स्प्रे, स्टेम सेल... डाग पूर्ण घालवणारं काही आलंय का?

पूर्ण घालवणारं काही नाही, कुणी पॅकेज विकत असेल तर उठून या.

जे आहे ते असं. फ्रॅक्शनल लेझरने, म्हणजे डागात बारीक बारीक छिद्रं पाडणाऱ्या लेझरने, जाड डाग मऊ होतो, ओढ आणि खाज कमी होते, बरेच सेशन लागतात, सावळ्या कातडीवर काळे ठिपके राहू नयेत म्हणून जपून करावं लागतं. स्टेरॉइडची इंजेक्शनं छोट्या डागाला आणि कीलॉइडला. आखडलेल्या सांध्याला ऑपरेशन. पेशंटच्याच कातडीच्या पेशी सुट्या करून फवारायची पद्धत पर्थच्या फिओना वूड यांच्यामुळे गाजली, २००२ च्या बालीच्या बॉम्बस्फोटातले पेशंट त्यांच्याकडे आले होते. त्याने मोठ्या जखमेला थोडी कातडी पुरवता येते.

मुळावर घाव घालायचे प्रयत्न पण चालू आहेत. पोटातलं बाळ पहिल्या सहाएक महिन्यांपर्यंत जखम डाग न ठेवता भरतं, ते आपण नंतर का विसरतो हा या संशोधनातला सगळ्यात मोठा प्रश्न. स्टॅनफर्डच्या टीमने २०२१ मध्ये व्हर्टेपॉर्फिन हे डोळ्यांसाठी वापरलं जाणारं औषध उंदरांच्या जखमेत दिलं तर कातडी केसांसकट, ग्रंथींसकट परत आली. ऐकायला भारी, पण उंदीर. याआधी जुव्हिस्टा नावाच्या औषधाबद्दलही अशीच आशा होती, सुरुवातीचे रिझल्ट छान होते आणि २०११ मध्ये मोठ्या चाचणीत ते आपटलं. म्हणून मी पेशंटला उंदरांच्या बातम्या पाठवत नाही.

ऊन, समुद्र, घाम?

जखम पूर्ण बंद झाली की समुद्रात जा, मीठ धुऊन क्रीम लावा. उघडी असेल तर नाही, नदीत आणि तळीतही नाही. ऊन मात्र निदान वर्षभर टाळा, कोवळा डाग उन्हाने कायमचा काळा पडतो. पूर्ण बाह्या, छत्री, सनस्क्रीन. अंगावर मोठा ग्राफ्ट असलेल्याने दुपारच्या उन्हात काम करू नये, घाम कमी सुटतो म्हणून ताप चढतो.

चेहऱ्यावर डाग आहे, मुलगी शाळेत जायला तयार नाही. आणि लोक "कशाने भाजलं" विचारतात.

त्या प्रश्नात नेहमी एक संशय असतो, बाई असेल तर जास्तच. हॉस्पिटलात पोलिसांची नोंद होते ती नेहमीची पद्धत आहे, घाबरू नका, पण कुणी मारहाण करून किंवा पेटवून भाजलं असेल तर नर्सला एकटीला गाठून सांगा.

झोप न लागणं, आगीची स्वप्नं, चिडचिड, हे मोठ्या भाजण्यानंतर खूप जणांना होतं आणि त्यावर उपचार आहेत. कोकोनट ग्रोव्हमधून वाचलेल्यांशी आणि गेलेल्यांच्या घरच्यांशी बोलूनच एरिक लिंडेमन या डॉक्टरने १९४४ मध्ये शोकावरचा गाजलेला पेपर लिहिला, म्हणजे मनाचा भाग पहिल्यापासून या शास्त्रात आहे, आपल्या वॉर्डात मात्र त्याला शेवटची खुर्ची. मुलीसाठी एक करा: ती शाळेत जायच्या आधी तुम्ही जाऊन टीचरला भेटा, वर्गाला साध्या शब्दांत सांगायला लावा. आणि तिला एका ओळीचं उत्तर पाठ करून द्या, "तेल उडालं होतं, आता बरं आहे", म्हणजे प्रत्येक वेळी नवीन शब्द शोधावे लागत नाहीत.

न्यायचं कुठे, खर्च किती?

मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, पाय, गुप्तांग, सांधा, वीज, केमिकल यातलं काही असेल तर शेवटी बांबोळीला गोमेकॉतच (गोवा मेडिकल कॉलेजात) जावं लागतं, प्लास्टिक सर्जरी तिथे आहे. म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा हॉस्पिटल जवळ असेल तर आधी तिथे सलाईन आणि श्वास सांभाळून घ्या, मग पुढे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बरोबर ठेवा. डिस्चार्जनंतरचा खर्च, म्हणजे गारमेंट, सिलिकॉन, दर आठवड्याची बसची वारी, घरच्यांनी आधीच धरावा, बहुतेक जण तिथेच सोडून देतात.

देशात नक्की किती लोक भाजतात?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते भारतात वर्षाला दहा लाखांवर लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात, केंद्र सरकारच्या बर्न्स कार्यक्रमाच्या कागदात सत्तर लाख घटना आणि एक लाख चाळीस हजार मृत्यू असा अंदाज आहे. मोजायची व्याख्या वेगळी धरली तरी दहा लाख आणि सत्तर लाख! नीट नोंद ठेवत नाहीत त्याचं हे फळ.

मेल्यावर कातडी दान करता येते का?

येते. मुंबईत सायनला २००० पासून स्किन बँक आहे, नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरलाही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय, पाठीवरून फक्त वरचा पातळ थर घेतात, पाऊण तास लागतो, रक्त येत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत, पट्टी बांधून देह परत मिळतो. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकते. ती पेशंटच्या अंगावर कायमची राहत नाही, दोन-तीन आठवड्यांनी सुटते, पण तेवढ्या दिवसांत साठ टक्के भाजलेला माणूस तग धरतो आणि त्याची स्वतःची मांडी परत कातडी द्यायला तयार होते.

बाबांच्या पायावर तीस वर्षांपूर्वीचा भाजल्याचा वण आहे, आता त्यावर जखम होऊन भरत नाही.

उद्याच दाखवा. जुन्या वणावर, विशेषतः ग्राफ्ट न करता कशीबशी भरलेल्या आणि सारखी फुटणाऱ्या जागेवर, कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, मार्जोलिन नावाच्या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये अशा जखमांचं वर्णन केलं म्हणून त्याचंच नाव आहे. दर वेळी तोच असतो असं अजिबात नाही, चप्पल घासूनही होते. पण कडा उचललेल्या, वास येणारी, रक्त येणारी, महिनाभर न भरलेली जखम असेल तर मलम बदलत बसू नका, सर्जन एक छोटा तुकडा तपासायला पाठवतो, लोकल भूल, दहा-पंधरा मिनिटांचं काम, रिपोर्ट आठवड्याभरात येतो.